दाखला दिला, पण सिद्ध काय झालं?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि तिच्यात निबंधाला २५० गुण आले. हा बदल इतक्या लगेच नको म्हणून २०२३च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, तेव्हा तो पुढे ढकलला गेला. माझ्या ठाण्याच्या नातलगांमध्ये तो वाद अजून चालूच आहे. गुण तपासणाऱ्याच्या मर्जीवर जातील, क्लासवाले तयार निबंध विकतील, खेड्यातली मुलं मागे पडतील. यातली एकही भीती मला पोकळ वाटत नाही. पण मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध तपासते, आणि या सगळ्या वादात मला एक प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. निबंधात मुद्दा सिद्ध कसा करायचा, हे आपण मुलांना शिकवलं कधी?

आपल्या शाळांत निबंध शिकवतात तो बहुतेक सजवायला. आरंभी सुविचार, मध्ये कवितेच्या दोन ओळी, शेवटी ‘म्हणूनच म्हणावंसं वाटतं’. ऐरोलीला राहणारा माझा भाचा स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आणि लिहिलेलं मला वाचायला पाठवतो. लोकलच्या गर्दीवरचा त्याचा निबंध १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीपासून सुरू झाला. ३४ किलोमीटरचं अंतर, तीन इंजिनं, सगळं अचूक. ही तारीख लिहिताना ठाणेकराला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण आजची गर्दी का होते आणि ती कमी कशी होईल, याबद्दल त्या तारखेने काहीच सिद्ध होत नाही. माहिती खरी होती, तरी ती त्या निबंधातला पुरावा नव्हती.

मग पुरावा कसा असतो? नवी मुंबईतलाच विषय घेऊ: पाणथळ जागा राखाव्यात की नाही. बहुतेक मुलं लिहितात की ठाणे खाडीचा काही भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली, म्हणून नेरूळच्या पाणथळ जागा वाचवल्या पाहिजेत. यातलं ‘म्हणून’ अधांतरी आहे. वाचणारा सहज म्हणेल, खाडीला संरक्षण मिळालंय ना, मग नेरूळचं काय? मधला दुवा लिहावा लागतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो तिथे चरतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना उभं राहायला आसपासचं उथळ पाणी लागतं. ते उथळ पाणी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांत आहे. ती बुजवली, तर नुसतं अभयारण्य कागदावर राखून पक्षी टिकणं अवघड. एवढी तीन-चार वाक्यं आली की २०१५ आणि २०२२ ही सालं कामाला लागतात.

माझ्या मते निबंधातली सगळ्यात मोलाची वाक्यं हीच असतात. भाच्याला मी सांगते, आकडे दोन कमी दे, पण प्रत्येक आकड्यानंतर तो तुझ्या मुद्द्याला कसा लागू पडतो ते लिही.

आणि समोरच्याची बाजूही मांड. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर होती. या लोकांना घरं हवीत, रस्ते हवेत. ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालंय, तेव्हा विमानांना पक्ष्यांचा धोका हाही खरा आक्षेप आहे. हे टाळून लिहिलेला निबंध मला घोषणापत्रासारखा वाटतो. शिवाय जनगणनेचा आकडा देताना ‘२०११’ लिहायलाच हवं. त्यानंतरची जनगणना २०२१मध्ये झालीच नाही, तेव्हा साल गाळलं तर जुना आकडा आजचा म्हणून खपतो.

इथे इंग्लंडमधल्या शाळांत परिच्छेदाची एक चौकट शिकवतात: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, पुढचा दुवा. उपयोगी आहे, पण तिचंही पाठांतर होतं. माझ्याकडे असे निबंध येतात, ज्यांत एका वाक्यामागे पाच-पाच संदर्भ असतात आणि त्यांतला एकही वाचलेला नसतो. तेव्हा परदेशातली चौकट उचलून घरी न्यावी, असं मी म्हणणार नाही. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या भारतीय परंपरेत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच पायऱ्यांची मांडणी केव्हाची आहे. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. ‘तसाच धूर या डोंगरावर आहे’ ही उपनयाची पायरी म्हणजेच तो मधला दुवा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू मांडून मग आपला सिद्धांत मांडायचा, हा शिरस्ताही आपलाच. दहावीच्या मराठीच्या तासाला हे शिकवता येणार नाही का?

साधनांची वाणही नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे. जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर आज घरबसल्या वाचता येतं, जनगणनेचे तक्ते फुकट मिळतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी, ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था ठाण्यातच आहे. तिथे जाण्याआधी, आठवी-नववीतच मुलांच्या हातात एखादा तक्ता, बातमीचं एक कात्रण आणि कायद्यातलं एक कलम देऊन ‘यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही’ असं विचारायला हवं. इंग्लंडमधल्या इतिहासाच्या परीक्षांत असे उतारे प्रश्नासोबतच छापलेले असतात. विषय आदल्या दिवशी पाठ करून येण्याचा त्यात फारसा फायदा होत नाही, कारण उतारा परीक्षेतच समोर येतो. क्लासच्या तयार निबंधांची ज्यांना भीती वाटते, त्यांनी या मागणीसाठी भांडावं असं मला मनापासून वाटतं. गुणदानाची पट्टीही आधी जाहीर करावी: मुद्द्याला किती, पुराव्याला किती, दोन्ही जोडणाऱ्या स्पष्टीकरणाला किती, विरोधी बाजूला दिलेल्या उत्तराला किती. मर्जीवर गुण जाण्याची तक्रार त्यानेही पुरती मिटणार नाही, पण उत्तरपत्रिका हातात घेऊन भांडायला मुलांकडे काहीतरी ठोस असेल.