‘हाताने ओढून काय कळतं?’ बरंच कळतं!

कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: गुडघा मुरगळला की डॉक्टर नडगी हाताने ओढून बघतात, त्यातून कळत काहीच नाही, उलट अर्धवट फाटलेली लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) पूर्ण तुटते. चालता येतंय ना, मग लिगामेंट शाबूत. एक्स-रे नॉर्मल आला तर विषय संपला. तरीही शंका असेल तर सरळ एमआरआय. चार विधानं, आणि चारही लंगडी.

आधी ते ओढणं. ही लॅकमन चाचणी. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले जॉन लॅकमन ती शिकवायचे; १९७६ साली जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी ती छापून आणली. रुग्ण उताणा, गुडघा २०-३० अंश वाकलेला. एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगीचं हाड पुढे ओढायचं. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारी गुडघ्यातली लिगामेंट, शाबूत असेल तर ताणलेल्या दोरीसारखा टणक अटकाव लागतो. तुटली असेल तर हाड सरकत राहतं आणि शेवट मऊ, गाळात हात घातल्यासारखा लागतो. हाड किती मिलिमीटर सरकलं यापेक्षा हा शेवट जास्त बोलतो. आणि चांगला गुडघा आधी तपासायचा, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली जे आकडे निघाले, त्यांत तुटलेल्या एसीएलपैकी सुमारे ८५ टक्के या चाचणीने पकडल्या होत्या, आणि शाबूत गुडघ्यांपैकी सुमारे ९४ टक्के शाबूतच ठरवले होते. फुकट, दोन मिनिटांत.

ओढल्याने तुटते म्हणावं, तर रुग्णाने मांडी आवळली की ही चाचणी फसतेच. म्हणून ती हळूच करावी लागते. गुडघा ‘बसवून घ्यायला’ जाऊन खाल्लेले हिसके वेगळे. त्यांबद्दल मेसेज गप्प आहे!

एक गोष्ट मात्र मान्य. ताज्या, टम्म सुजलेल्या गुडघ्यात तपासणी चकवते. विशेषतः ९० अंशांत वाकवून ओढायची जुनी पद्धत, कारण मांडीमागचे स्नायू आखडून हाड धरून ठेवतात. म्हणूनच आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासतात. दुसरा चकवा बाइकच्या अपघातात. नडगी समोरून आपटली की मागची लिगामेंट, पीसीएल, तुटते आणि हाड मागे ढळतं. ते ओढलं की फक्त आपल्या जागेवर येतं, पण वाटतं एसीएल गेली. म्हणून हात लावण्याआधी दोन्ही गुडघे वाकवून बाजूने नुसतं बघायचं.

आता ‘चालता येतंय’. सरळ चालायला एसीएल फारशी लागत नाही. चढाईवरून मध्यरेषेकडे गर्रकन वळताना लागते. तेव्हाच गुडघा निसटतो. चालण्यापेक्षा हे विचारा: ‘कट्’ असा आवाज आला होता का? सूज किती वेळात आली? दोन-तीन तासांत गुडघा फुगला तर आत बहुधा रक्त आहे, आणि त्यामागे बऱ्याचदा एसीएलच असते.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट नाही. तरी तो वाया जात नाही: नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला हाडाची बारीक कपची सुटलेली दिसली तर एसीएल गेल्याची दाट शंका घेतात.

राहिला एमआरआय. गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटली आहे का ते बघायला आणि ऑपरेशनआधी तो हवाच. पण तो निश्चल पायाचा फोटो. गुडघा किती सैल पडलाय ते हातालाच कळतं. गुडघा बाहेरून आत दाबला की आतली बाजू ३० अंशांत उघडते पण पाय सरळ केल्यावर उघडत नाही, तर बहुधा एकटी आतल्या बाजूची लिगामेंट गेलीय. सरळ पायातही उघडली तर आणखी काही तुटलंय. गुडघा असा चहूबाजूंनी सैल लागला, तर तो निखळून आपोआप जागेवर बसलेला असू शकतो, आणि त्यात गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटू शकते. तेव्हा एमआरआयच्या रांगेत बसण्याआधी पावलावरची नाडी बघावी लागते. सहा-आठ तासांत रक्त पोचलं नाही, तर पाय गमवावा लागू शकतो.