पेलेटचा वाढलेला भाव आणि दोन डब्यांची मर्यादा : दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

आमच्या दुकानाला ऑनलाइन एक तारा देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. पंधरा दिवसांत मॅच पेलेटचा, म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये घालायच्या शिशाच्या गोळ्यांचा डबा 1,150 वरून 1,380 वर गेला, पण लॉट नंबर तोच, म्हणजे जुनाच माल नव्या भावात विकला. चार डबे मागितले तर दोनच दिले. आणि ऑनलाइन तोच डबा 200 रुपयांनी स्वस्त मिळतो.

लॉट नंबर तुम्ही बरोबर वाचलात. ते डबे जुन्या खेपेतलेच होते. डब्यावरची छापील किंमत 1,400 आहे आणि तिच्यावर आम्ही एक रुपयाही घेतलेला नाही, पण हे फक्त कायद्यापुरतं उत्तर झालं. नव्या खेपेचे पैसे आगाऊ भरायचे होते. ते उभे करायला मी जुन्या मालावरची सूट काढली आणि काउंटरवर त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाही. तुमची मुलगी रोज शंभरएक शॉट मारते, पाचशेचा डबा आठवड्यात संपतो. महिन्याला चार डबे धरले तर 920 रुपयांचा बोजा, आणि तोही न सांगता. रेंजची फी, कोचची फी, जॅकेट हे सगळं भागवून पालक माझ्याकडे येतात, हे मला माहीत आहे. चूक माझी आहे. त्या लॉटचे जे डबे नव्या भावाने गेले, त्यांची बिलं काढली आहेत. प्रत्येकाला डब्यामागे 230 रुपये परत मिळतील, तक्रार केली असो वा नसो.

नव्या खेपेचा भाव मात्र वाढलेलाच राहील. आम्ही ठेवतो ते मॅच पेलेट जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातून येतात. 2025 च्या सुरुवातीला 90 रुपयांच्या आसपास असलेला युरो त्याच वर्षी शंभरीपार गेला, आणि आयात शुल्कही त्या फुगलेल्या रकमेवरच बसतं. खडकीत 1869 पासून दारूगोळा कारखाना असताना पेलेट परदेशातून कशाला, असं दुकानात बरेच जण विचारतात. तिथं लष्कराची काडतुसं होतात. 10 मीटरवरून मारायच्या एअर रायफलचा पेलेट म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम शिसं, आणि समोरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं एका पेलेटचा मागचा कंगोरा, म्हणजे कडा, किंचित वाकडा असला तरी दहाचा नऊ होतो.

दोन डब्यांच्या मर्यादेवर मी ठाम आहे. भाव वाढणार ही कुजबूज बालेवाडीच्या रेंजवर पोचली आणि त्याच आठवड्यात एका पालकांनी वीस डबे मागितले. माझ्याकडे त्या लॉटचे साठच्या आत उरले होते. राज्य स्पर्धा तोंडावर आहे. कित्येक मुलांनी रायफल शिकंज्यात धरून, पाच-पाच शॉटचे ग्रुप पाडून, म्हणजे भोकं किती जवळ पडतात ते बघून, हाच लॉट निवडला आहे. लॉट बदलला की त्याच रायफलचा ग्रुप सैल पडू शकतो, आणि मुलाला वाटतं आपलाच हात बिघडला. स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळवल्यापासून गावाकडून पुण्यात येऊन खोली घेऊन राहणारी मुलं मी पाहतो आहे. त्यांच्याकडे वीस डब्यांचे पैसे एकदम नसतात. त्यांच्यासाठी फळीवर माल राहायलाच हवा. हेही कबूल करतो की नवा भाव आणि तो कधीपासून लागू, हे मी आधीच फळ्यावर लिहिलं असतं, तर साठा करायला कुणी धावलं नसतं.

साठ्याबद्दल एक सांगायचं आहे. पुण्याच्या पावसाळ्यात ओल लागलेल्या शिशावर पांढरी पूड धरते. असे पेलेट रायफलमध्ये घालू नका, लहान मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका. एरवीही सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

ऑनलाइन 200 रुपये वाचत असतील तर जरूर वाचवा, मला वाईट वाटणार नाही. फक्त सील, लॉट नंबर, आयातदाराचं नाव आणि पक्कं बिल बघून घ्या. डबा उघडला की मूठभर पेलेट पांढऱ्या कागदावर ओता आणि मागचा कंगोरा तपासा. वाटेत आपटलेल्या डब्यांतले चेपलेले पेलेट माझ्याकडे लोकांनी आणून दाखवले आहेत. आणि स्पर्धेच्या आधी लॉट बदलू नका, मग तो कुठूनही स्वस्त मिळो.

खर्च कमी करायचा असेल तर कोचशी बोलून आठवड्यातले दोन दिवस ड्राय प्रॅक्टिस ठेवा, त्यात पेलेट लागतच नाही. नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांना भारतीय पेलेट पुरतात. ते आम्ही ठेवतो, पण काउंटरवर कुणी मागितल्याशिवाय दाखवत नव्हतो. आता पुढे मांडले आहेत.

जुन्या लॉटचे उरलेले डबे स्पर्धा संपेपर्यंत 1,150 लाच जातील, आठवड्याला माणशी दोन. नवा भाव कालपासून फळ्यावर आहे. तुमचे 460 रुपये पाकिटात घालून काउंटरवर ठेवले आहेत, आणि त्याच लॉटचे पुढच्या आठवड्याचे दोन डबे मुलीच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला काढले आहेत. शनिवारी दहानंतर मी स्वतः दुकानात आहे. बिल घेऊन या.