बलात्काराच्या केसबद्दल फिरणारा तो मेसेज: एकेक मुद्दा घेऊन बोलूया

सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हणणं असं की बलात्काराची तक्रार झाली की पुरुष संपला, पुरावा लागतच नाही, म्हणून आरोप झाला की आधी चॅट डिलीट करा, मुलीला गाठून मिटवून टाका, मेडिकलमध्ये काही निघालं नाही तर केस आपोआप पडते आणि तुम्ही सुटलात की ती आत जाते. मी फौजदारी वकिली करते, फिर्यादीच्या बाजूनेही उभी राहिलेय आणि आरोपीच्याही, आणि हा सल्ला ऐकणारा माणूस निर्दोष असला तरी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार.

आधी पुराव्याचं घ्या. एकट्या पीडितेच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते हे खरंय, कारण साक्ष हाच पुरावा असतो, असले गुन्हे काय चार लोकांसमोर घडतात का? पण ती साक्ष भरवशाची आहे का हे कोर्ट तपासतं. एफआयआरमधला जबाब, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब आणि कोर्टातली साक्ष हे तिन्ही शेजारी ठेवून आरोपीचा वकील उलटतपासणी घेतो. वेळ आठची की साडेआठची असल्या फरकाने काही होत नाही, पण मूळ घटनाच बदलली तर सगळी केस हलते. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारपक्षाचीच. पॉक्सोमध्ये (१८ खालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि पोलीस कोठडीतल्या बलात्कारासारख्या काही प्रकारांत कायदा काही गोष्टी गृहीत धरतो, तिथे आरोपीचं काम जास्त अवघड. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०२२ च्या आकड्यांत बलात्काराच्या केसेसमधलं शिक्षेचं प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आहे. मग "तक्रार झाली की संपला" हे आलं कुठून?

शिक्षा मात्र जबर आहे, त्यात शंका नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ खाली कमीत कमी १० वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप, मुलगी १६ च्या आतली असेल तर कलम ६५ खाली कमीत कमी २० वर्षं. अटकपूर्व जामीन मागता येतो, पण १६ खालच्या मुलीवरच्या बलात्कारात तो दरवाजाच बंद आहे.

आता चॅट डिलीट करायचा सल्ला, यातला सगळ्यात घातक. अहो, तुम्ही तुमच्या फोनमधून उडवलं तरी समोरच्या फोनमध्ये ते आहेच ना! फॉरेन्सिकला फोन गेला की अमुक दिवशी डिलीट केलं हेही दिसू शकतं, पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागू शकतं, आणि तुमच्या बाजूचं जे काही त्या मेसेजमध्ये होतं तेही तुम्हीच घालवलेलं असतं. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन रिसेट केला तरी पंचाईत, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोनच नसेल तर ते चॅट सिद्ध करताना घाम फुटतो. फोन आहे तसा ठेवा, त्या दिवशीची तिकिटं, बिलं, लोकेशन जे असेल ते वकिलाकडे द्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती राज्यघटनेच्या कलम २०(३) मुळे कोणी करू शकत नाही.

मिटवून टाका म्हणे! हा गुन्हा तडजोडीने मिटणारा नाहीये, सुप्रीम कोर्टाने २०१२ पासून हे वारंवार सांगितलंय. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना जाऊन भेटलात की साक्षीदारावर दबाव आणला म्हणून मिळालेला जामीनही जाऊ शकतो.

मेडिकलबद्दलचा गैरसमज तर मुलींना घरात बसवतो, म्हणून याचा मला जास्त राग येतो. अंगावर जखम नाही म्हणजे संमती होती असं नाही, तिने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही हे न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येच लिहिलंय. आंघोळ केली, कपडे धुतले, चार दिवस उशीर झाला तरी तक्रार देता येते, उशीर का झाला ते सांगावं लागतं एवढंच. पोलीस हद्दीचं कारण सांगून परत पाठवू शकत नाहीत, झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तिथेच नोंद, घ्यावाच लागतो. टू फिंगर टेस्ट (मुलीला आधी शरीरसंबंधाची सवय होती का हे बोटांनी तपासणं) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

आणि आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती असंही नाही, बऱ्याचदा संशयाचा फायदा मिळालेला असतो. जाणूनबुजून खोटा गुन्हा नोंदवला तर कलम २४८ आहेच, पण ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

त्या मेसेजखाली काही ग्रुपवर तक्रारदार मुलींची नावं आणि फोटो पण टाकतायत लोक. पीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा. ज्यांनी टाकलंय त्यांनी आत्ताच्या आत्ता काढा.