शेवटच्या शंभर मीटरला माइक कुणाकडे?

राज्यस्तरावर चारशे मीटरची फायनल मी आयुष्यात एकदाच पळलो. चौथा आलो. त्या शर्यतीतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर तिसऱ्या शंभरात पाय भरून यायला लागले तेव्हा मैदानावरच्या कर्ण्यातून ऐकू येणारी पाहुण्यांची नावं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. आम्ही आठ जण जीव खाऊन पळत होतो आणि माइकवर सत्कार चालू होता. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मैदान कुठलं, आयोजक कोण, ते राहू द्या.

पण आई बघायला आली होती. परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "तू मधेच हळू का झालास रे?"

मी हळू झालो नव्हतो. म्हणजे झालो होतो, पण सगळेच होतात. चारशे मीटरच्या शेवटच्या शंभरात जगातला कुणीही माणूस वेग वाढवत नाही. सगळ्यांचाच वेग पडत असतो, ज्याचा सगळ्यात कमी पडतो तो जिंकतो. लांबून मात्र तो पुढे निघाल्यासारखा दिसतो. ही एवढी गोष्ट त्या दिवशी माइकवरून कुणी सांगितली असती, तर माझ्या आईला वाटलं नसतं की पोरानं कच खाल्ली. तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मी शाळेत पी.टी. शिकवतो, आणि अमेरिकेचा धावपटू, पुढे टीव्हीवर शर्यती समजावून सांगणारा मायकल जॉन्सन याच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं ते याच कारणानं.

1996 च्या ऑगस्टमध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. अटलांटा ऑलिंपिकची दोनशे मीटरची फायनल आपल्याकडे सकाळी होती. शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर ती पाहिली. तिसऱ्या लेनमध्ये सोनेरी बूट घातलेला माणूस, तोच हा जॉन्सन. पाठ ताठ, पावलं छोटी आणि भराभर पडणारी. आमचे सर आम्हाला रोज सांगायचे, गुडघे उचला, अंग थोडं पुढं टाका. आणि हा तर अगदी उलटा पळत होता! सुरुवातीला पाऊल जरा अडखळलंसुद्धा. तरी वेळ आली 19.32. त्याआधीचा 19.66 चा विक्रमही त्याचाच होता, जेमतेम सहा आठवड्यांपूर्वीचा. आणि त्याच्याही आधीचा इटलीच्या पिएत्रो मेनेआचा 19.72 चा विक्रम 1979 पासून कुणाला मोडता आला नव्हता. सतरा वर्षांत शतांश सेकंदानंही न हललेला आकडा या माणसानं एका उन्हाळ्यात चाळीस शतांशांनी खाली आणला. पहिले शंभर वळणावर 10.12 मध्ये, पुढचे शंभर सरळीवर 9.20 मध्ये. तीनच दिवसांपूर्वी त्यानं चारशेचं सुवर्णही घेतलं होतं. दोन्ही शर्यती एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकणारा तो पहिला पुरुष.

त्याची ती ढब टिकली याचं श्रेय मी बेलर विद्यापीठातले त्याचे कोच क्लाइड हार्ट यांना देतो. ट्रक चालवणारे वडील, शिक्षिका आई, पाच भावंडांत सगळ्यात धाकटा असा हा डॅलसचा मुलगा त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी त्याचं पळणं पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करायचा हट्ट धरला नाही. आम्हा पी.टी.वाल्यांना हे फार अवघड जातं. पोरगं वेगळं पळताना दिसलं की आमचे हात आधी त्याला सरळ करायला शिवशिवतात.

हार्ट चारशेचे चार तुकडे पाडायला शिकवत. पहिल्यात जोर लावून सुटायचं, दुसऱ्यात लय धरायची, तिसऱ्यात जागा मिळवायची, चौथ्यात अंग सैल ठेवून ढब मोडू द्यायची नाही. मी आजही पोरांना हेच सांगतो.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. चारशेच्या सलग 58 फायनल तो हरला नाही. 1999 मध्ये सेव्हियाला 43.18 चा विक्रम केला, 2000 मध्ये सिडनीत 33 व्या वर्षी पुन्हा सुवर्ण. वाईट दिवसही होते. 1992 मध्ये बार्सिलोनाच्या तोंडावर स्पेनमध्येच बाहेरच्या जेवणातून विषबाधा झाली, वजन उतरलं, आणि दोनशेचा जगज्जेता असलेला माणूस उपांत्य फेरीतच बाहेर पडला. 1997 मध्ये टोरांटोत शंभर मीटरचा ऑलिंपिक विजेता, कॅनडाचा डोनोव्हन बेली याच्याविरुद्धच्या दीडशे मीटरच्या शर्यतीत मांडी धरली आणि अर्ध्यातच थांबावं लागलं.

पळणं थांबवल्यावर तो बीबीसीच्या स्टुडिओत जाऊन बसला. आणि मला तो धावपटू म्हणून जेवढा मोठा वाटतो, तेवढाच त्या खुर्चीतही वाटतो.

का ते सांगतो. तो आवाज चढवत नाही. ज्या देशाचं चॅनल त्या देशाच्या खेळाडूला उगाच चढवून ठेवत नाही. एखाद्याची शर्यत फसली तर ती कुठे फसली ते सांगतो. सुटताना, वळणावर, की शेवटच्या साठ मीटरमध्ये खांदे वर आले तेव्हा. ऐकणाऱ्याला राग येईल याची काळजी त्याच्या आवाजात नसते. आपल्याकडे माजी खेळाडू माइकवर आला की पाचापैकी चार वाक्यं "आमच्या वेळी" असतात. जगज्जेता असूनही जॉन्सन ते फार क्वचित करतो.

या बोलण्याला वजन कुठून आलं, ते पाहायचं तर 2008 चा उन्हाळा पाहा. सिडनीतल्या 4 बाय 400 रिलेतला त्याचा साथीदार अँटोनियो पेटिग्रू यानं त्या वर्षी कोर्टात साक्ष देताना आपण उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. जॉन्सनवर कसलाही आरोप नव्हता. तरी अधिकृत निर्णय यायची वाट न पाहता त्यानं जाहीर केलं की हे सुवर्ण न्यायानं जिंकलेलं नाही, मी ते परत करतोय. पाच ऑलिंपिक सुवर्णांची चार झाली. घरातला गळ्यातला दागिना माणूस सहज काढून देत नाही हो, इथे तर जगासमोर आपणहून पदक काढून दिलं.

आणि दोनच महिन्यांनी, 20 ऑगस्टला, बीजिंगमध्ये बीबीसीसाठी काम करत असताना त्याच्या डोळ्यांदेखत उसेन बोल्ट दोनशे मीटर 19.30 मध्ये पळाला. समोरून वारा असताना. बारा वर्षं जपलेला आकडा दोन शतांशांनी गेला आणि जॉन्सननं बोल्टचं भरभरून कौतुक केलं. तोंडदेखलं नव्हे. बोल्टनं वळण कसं घेतलं, सुटला किती चांगला, शेवटपर्यंत दम कसा धरला, हे उलगडून सांगत केलेलं कौतुक. तो आकडा आतून कसा असतो हे तोवर जगात एकट्या जॉन्सनला माहीत होतं.

अशी वेळ त्याच्यावर पुन्हा आली. 14 ऑगस्ट 2016, रिओ. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हान नीकर्क आठव्या लेनमधून पळाला. आठवी लेन म्हणजे सगळ्यात बाहेरची. सुटतानाच तुम्ही सगळ्यांच्या पुढे उभे असता, समोर कुणी नसतं, मागचे कुठवर आलेत ते कळत नाही, पाठलाग करायला पाठ नसते. एकट्यानं अंधारात पळाल्यासारखं. त्यात वेळ आली 43.03. किरानी जेम्स आणि लशॉन मेरिट यांच्यासारखे ऑलिंपिक विजेते मागे पडले आणि जॉन्सनचा सतरा वर्षांचा चारशेचा विक्रमही गेला. तेव्हाही तो बीबीसीच्या स्टुडिओतच होता. तो व्हिडिओ मी नंतर यूट्यूबवर पाहिला, आणि कितीदा पाहिला त्याची गणती नाही. आपला शेवटचा मोठा वैयक्तिक विक्रम मोडल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधायला गेलो आणि दिसला तो निव्वळ थक्क झालेला चारशेचा माणूस. शेवटच्या दोनशेबद्दल असलं काही आपण कधीच पाहिलं नाही, असं तो म्हणाला. त्यानं म्हटलं म्हणून मला ते पटलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर उत्साहाच्या भरात बोलला असं वाटलं असतं.

एक गंमत वाटते तीही सांगतो. अटलांटाच्या त्याच दोनशेच्या फायनलमध्ये 19.80 पळून तिसरा आलेला त्रिनिदादचा आटो बोल्डन आज अमेरिकेत एनबीसीवर ॲथलेटिक्सचा आवाज आहे. शर्यत संपल्यावर तो म्हणाला होता की 19.32 ही वेळ वाटतच नाही, माझ्या वडिलांचं जन्मसाल वाटतं. एकाच शर्यतीतले दोघं दोन देशांच्या टीव्हीवर लोकांना पळणं समजावून सांगत आले. बोल्डन जॉन्सनपेक्षा बोलका, शर्यतीआधीच अंदाज सांगून मोकळा होणारा. मला जॉन्सन जास्त आवडतो, पण दोघांचं ऐकताना एक जाणवतं, हे लोक मेहनत करून बसलेत. मेडल आहे म्हणून खुर्ची मिळेलही, ती टिकते अभ्यासावर.

जॉन्सनचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. धावपटूंना चांगले पैसे मिळावेत म्हणून त्यानं 2025 मध्ये ग्रँड स्लॅम ट्रॅक ही मालिका सुरू केली. किंग्स्टन, मायामी, फिलाडेल्फिया झालं, लॉस एंजेलिसची फेरी रद्द करावी लागली आणि धावपटूंना बक्षिसाचे पैसे देणं अडकून पडलं. ज्या पोरांच्या घामाची किंमत त्याच्याइतकी कुणाला कळणार नाही, त्यांनाच वाट पाहायला लागली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हेतू चांगला होता, पण पळून झालेल्या शर्यतीचे पैसे वेळेवर मिळायलाच हवेत. स्टुडिओत बसून जे माप तो दुसऱ्यांना लावत आला, तेच त्यालाही लावायला हवं.

तरी त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यात जवळची शर्यत यातली कुठलीच नाही. 2018 मध्ये, पन्नाशीत, त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू साथ देईना. रुग्णालयात वॉकर धरून पहिल्यांदा चालला ते अंतर होतं साधारण दोनशे मीटर. सवयीनं त्यानं वेळ मोजली. पंधरा मिनिटं. ज्या अंतराला 19.32 लागले होते त्याच अंतराला! ही गोष्ट त्यानं स्वतःच जगाला सांगितली, आणि बरा होऊन पुन्हा कामाला लागला.

आता आपल्याकडे या. क्रिकेटमध्ये आपले गावसकर, शास्त्री, मांजरेकर माइकवर आले आणि मैदानावरचं क्रिकेट आपल्या कानांना समजायला लागलं. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा आज रिव्हर्स स्विंगवर बोलतो. ॲथलेटिक्समध्ये असं कोण आहे? 15 ऑगस्ट 2016 ला आपल्याकडे सकाळी व्हान नीकर्कचा विक्रम झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर ऑलिंपिकची 3000 मीटर स्टीपलचेस फायनल पळाली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरीतून ऑलिंपिक फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई. दहावी आली. दुष्काळी गावातल्या पोरीनं पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची, प्रत्येक अडथळ्यागणिक किती दम जातो, शेवटच्या फेरीत पाय कसा जड होतो, हे तिच्या तोंडून मराठीत ऐकायला मला काय वाटेल ते करायची तयारी आहे. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये बीडचा अविनाश साबळे केनियाच्या धावपटूच्या पाच शतांश सेकंद मागे राहिला. ती शेवटची फेरी आपल्या भाषेत, त्या वाटेवरून गेलेल्या माणसानं सांगायला हवी होती. अधिकारी म्हणून, कोच म्हणून आपण या लोकांना कामाला लावतो, चांगलंच आहे. माइक मात्र सत्कारापुरता देतो, दोन शब्द बोला म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत मी एक करून पाहिलं. आमच्या शाळेची चारशे पळणारी मुलगी, घोटा मुरगळल्यामुळे बाहेर बसली होती, रडवेली झाली होती. मुलींची चारशेची फायनल लागली तेव्हा सूत्रसंचालकांना विनंती करून मी माइक तिच्या हातात दिला. पहिल्या वळणापर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटेना. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग फक्कीच्या रेषेकडे बघत ती बोलायला लागली.

"बाहेरच्या लेनमधल्या पोरीला कुणीच दिसत नाहीय, तरी ती घाबरली नाहीय बघा. आता तीन नंबरवालीचे खांदे वर आले. तिचे पाय भरलेत. ती हळू नाही झाली, सगळ्याच हळू झाल्यात."