पाय मोडतो तो उतार

डोंगराळ ट्रेल ट्रायथलॉनवरचा (पोहणं, माउंटन बाइक आणि पायवाटेवरचं धावणं, सगळं एकापाठोपाठ) तुमचा लेख आवडला. पोहणं आणि माउंटन बाइकवर छान लिहिलंय, पण धावण्याच्या मार्गाला 'निसर्गरम्य, चढाचा' म्हणून दोन ओळींत उरकलं, हे खटकलं. शर्यतीचा निकाल तिथेच लागतो. साधारण दीड किलोमीटर पोहून, तीसेक किलोमीटर सायकल हाणून झाल्यावर त्याच पायांनी दहा किलोमीटर पायवाट धावायची असते.

सगळे चढाला घाबरतात. तीव्र चढावर सरळ चालावं, हात मांड्यांवर टेकवून. मुरलेले धावपटूही तेच करतात, त्यात कमीपणा कसला? पाय खलास करतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ब्रह्मांड आठवतं. पावलं छोटी ठेवा, टाच आपटू नका, नजर चार पावलं पुढे.

आमच्या इंदूरकरांना सरावाला रालामंडलची टेकडी आहे, होळकरांच्या शिकारगाहापर्यंतची चढण. लांब जायचं तर चंबळ नदीचा उगम असलेला जानापावचा डोंगर. फक्त पावसाळ्यात जपून! माळव्याची काळी माती बुटाच्या तळातल्या खाचा बुजवते आणि पकड पार जाते.

आणि संपादकांना कळकळीची विनंती, मार्गाचा चढ-उताराचा आलेख जरूर छापा. नुसत्या किलोमीटरवरून तयारी कशी करायची?