समुद्रातील अनुभव आणि पाण्याखालची गुहा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. फ्लोरिडातील झऱ्यांखालच्या गुहांमध्ये प्रशिक्षण न घेता उतरू नये, असे सांगणाऱ्या माझ्या लेखाला आपण ‘घाबरटाचे प्रवचन’ म्हटले आहे, मी एखाद्या प्रशिक्षण संस्थेचा दलाल असावा अशी शंका घेतली आहे आणि शेवटी विचारले आहे की, ‘समुद्रात दोनशे वेळा उतरलेल्या माणसाला गुहेत नवीन काय शिकायचे असते?’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या हेतूवर पहिल्याच वाक्यात चिखल उडवायचा आणि मग त्याच्याकडूनच उत्तर मागायचे, ही चर्चेची रीत नव्हे. मी कोणाचाही दलाल नाही, आणि या विषयावर लिहून मला एक पैसाही मिळत नाही.

आपण दाखवलेली एक चूक मात्र मान्य करतो. पाण्याखालच्या गुहांचे नामांकित पाणबुडे शेक एक्सली यांच्या मृत्यूचे साल मी १९९५ असे दिले होते. मेक्सिकोतील साकातोन या पाण्याने भरलेल्या खोल विवरात ते ६ एप्रिल १९९४ रोजी मरण पावले. लेखात दुरुस्ती केली आहे. परंतु ‘एवढा जाणकारही मेलाच, मग शिकून उपयोग काय?’ हा आपला निष्कर्ष उत्तर देण्याच्याही योग्यतेचा नाही. एक्सली अडीचशे मीटरहून अधिक खोलीवर गेले. मी ज्यांच्यासाठी लिहितो, ती माणसे वीस-पंचवीस मीटरवर मरतात. प्रशिक्षणाचा खर्च, परदेशी संस्थांची मक्तेदारी आणि माझी ‘मास्तरकी भाषा’ यांबद्दलही मी काही लिहिणार नाही.

त्या दोनशे वेळांविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण माझा सगळा लेख त्याच समजुतीविरुद्ध होता. समुद्रातील प्राथमिक प्रशिक्षणात, जे मी २००८ साली अंदमानात हॅवलॉकला घेतले, अठरा मीटरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संकटाचे अखेरचे उत्तर एकच असते : सावकाश वर या. हवा संपली, मुखवट्यात पाणी शिरले, जोडीदार दिसेनासा झाला, तरी डोक्यावर मोकळे पाणी आणि त्यावर आकाश असते. दोनशे वेळा उतरल्यावर हे उत्तर हाडात मुरते. गुहेत डोक्यावर खडक असतो. तीच मुरलेली सवय तेथे माणसाला छताला नेऊन टेकवते, आणि बाहेर पडण्याचा रस्ता मात्र ज्या वाटेने आत आलो तीच आडवी वाट हा असतो.

हवेचा हिशेबही निराळा असतो. समुद्रात २०० बार (बार म्हणजे दाबाचे एकक) दाबाने हवा भरलेले सिलिंडर घेऊन उतरलेला माणूस ५० बार शिल्लक ठेवून वर आला, की त्याने शिस्त पाळली असे आपण समजतो. गुहेत एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, म्हणजे दाबमापकाचा काटा २००वरून १३३च्या आसपास आला की समोर कितीही सुंदर दालन असले तरी मागे फिरायचे. तो राखीव हिस्सा खरे तर जोडीदाराचा असतो, कारण सर्वांत आत असताना त्याची हवा गेली तर दोघांना एकाच साठ्यावर बाहेर यायचे असते. शिवाय प्रत्येकाकडे तीन टॉर्च हवेत, आणि उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड बांधलेली दोरी हवी. दोनशे वेळांपैकी किती वेळा आपण दोरी बांधलीत?

आपण कोकणातले, विहिरीत सूर मारत वाढलात, असेही आपण अभिमानाने लिहिले आहे. मीही तसाच वाढलो, आणि तोच अभिमान घेऊन २०११ साली उत्तर फ्लोरिडातील एका झऱ्यात एका मित्राबरोबर उतरलो. ज्यांच्याकडून सिलिंडर भाड्याने घेतले त्यांनी काही विचारले नाही, आणि मीही काही विचारले नाही. माझ्याजवळ एकच टॉर्च होता. गुहेच्या तोंडापासून फार आत गेलो नव्हतो. मागे निळा उजेड दिसत होता. समुद्रात मारतो तसे पाय मारले, पायांतले फिन, म्हणजे पोहण्याचे रबरी पंख, तळाला लागले आणि गाळ उठला. मागे वळलो तेव्हा उजेड नव्हता. टॉर्च डोळ्यांसमोर धरला तरी पिवळट धुक्यापलीकडे काही दिसेना. भिंत चाचपत सरकत राहिलो, तो एका ठिकाणी गालाला बाहेर वाहणारे पाणी लागले, आणि त्याच धारेबरोबर मी बाहेर आलो. मित्र माझ्याआधी बाहेर पडला होता. माझ्या सिलिंडरमध्ये २० बार उरले होते. मला घाबरट म्हणताना हे आपल्याला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे.

त्या भागातील गुहांच्या तोंडाशी, पाण्याखाली, हातात कोयता घेतलेल्या मृत्यूच्या चित्राची पाटी असते. तिच्यावर लिहिलेले आहे की तीनशेहून अधिक पाणबुडे अशाच गुहांमध्ये मेले, आणि त्यांत समुद्रात शिकवणारे प्रशिक्षकही होते. आपला दोनशेचा आकडा त्या प्रशिक्षकांपुढे कितीसा? त्याच भागातील जिनी स्प्रिंग्ज येथील डेव्हिल्स नावाच्या झऱ्यांत तर गुहेचे प्रशिक्षण नसलेल्यांना टॉर्चच नेऊ देत नाहीत, कारण हातात उजेड असला की माणूस आत जातो.

थायलंडमधील थाम लुआंग या पाणी भरलेल्या गुहेत २०१८ साली मुले अडकली होती, त्या घटनेची आठवण आपल्याकडे पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ पाणी उपसण्यासाठी सल्ला द्यायला गेले म्हणून राहिली. मला आठवते ते वेगळे. थाई नौदलाचे पाणबुडे धाडसात कोणाला हार जाणारे नव्हते, पण २ जुलै २०१८ रोजी मुलांपर्यंत प्रथम पोहोचले ते हौसेने गुहांमध्ये पोहणारे दोन ब्रिटिश, रिक स्टॅंटन आणि जॉन व्होलान्थेन. चार दिवसांनी सिलिंडर पोहोचवून परतताना समान कुनान हा नौदलाचा माजी जवान प्राणास मुकला. त्याचे नाव घेताना माझा हात आजही अडखळतो. त्याच्या शौर्यात काहीच कमी नव्हते.

डिसेंबरमध्ये पुतण्याला घेऊन आपण मेक्सिकोतील युकातानच्या सेनोटेंमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांमध्ये, उतरणार आहात. तेथे वाटाड्याबरोबर, जास्तीत जास्त चौघांच्या गटात, दिवसाचा उजेड दिसेल तेवढ्याच भागात रोज माणसे जातात, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि त्याला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो आपल्या पुढच्या वाक्याला : ‘वाटाड्या पुढे गेला की बाजूच्या फाट्यात जरा डोकावून येऊ.’ आपण डोकावलात, तर पुतण्याही आपल्यामागे येईल. वाटाड्याने परतीची खूण केली, की कृपया त्याच्याआधी आपण वळा.