छापण्याआधीच्या पाच ओळी

वृत्तवाहिन्यांवरच्या आरडाओरड्याला विटलेली माणसं भारतात एक मागणी हमखास करतात: माध्यमांची नीती शाळेपासूनच शिकवा. त्यावरची उत्तरंही ठरलेली. कोणी म्हणतं, मूल्यशिक्षणाच्या तासात आणखी एक धडा घाला. कोणी म्हणतं, सोळा वर्षांच्या पोरांच्या हाती असले विषय नकोत. अमेरिकेत सगळं मोकळं असतं, तिथे चालतं, असंही ते सांगतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांमधली विद्यार्थी-वृत्तपत्रं जवळून पाहिली की दोन्ही उत्तरं लंगडी पडतात.

मोकळेपणाचा समज खोडायला एक खटला पुरे. मिझुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या 'स्पेक्ट्रम' या विद्यार्थी-वृत्तपत्राची पानं १० मे १९८३ ला मुख्याध्यापकांसमोर आली. अंक १३ तारखेला निघायचा होता. एका लेखात शाळेतल्या तीन मुलींच्या गरोदरपणाची हकिकत होती, नावं बदलून. दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाविषयी बोलताना एका विद्यार्थिनीने वडिलांबद्दल केलेली तक्रार. मुख्याध्यापकांनी दोन पानंच काढली. सहा पानांचा अंक चार पानांचा झाला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून विद्यार्थी-संपादकांना जास्त संरक्षण दिलंय (कॅलिफोर्नियात १९७७ पासून, नॉर्थ डकोटात २०१५ पासून), बाकी ठिकाणी हेझलवूडचाच दाखला चालतो.

पण शिकवण्याच्या दृष्टीने गंमत वेगळीच आहे. मुख्याध्यापकांचे आक्षेप बिनबुडाचे नव्हते. नावं बदलूनही मुली ओळखू येतील, आणि वडिलांना बाजू मांडायला मिळालेली नाही, हे दोन्ही मुद्दे कुठल्याही जाणत्या संपादकाने काढले असते. मात्र त्याने वडिलांना फोन लावायला सांगितलं असतं, ओळख पटवणारे तपशील गाळायला लावले असते, नाहीतर लेख पुढच्या अंकात ढकलला असता. वेळ नाही असं वाटल्यामुळे मुख्याध्यापकांनी पानंच उडवली. छापा किंवा काढा, या दोहोंच्या मधले रस्ते शोधायची सवय धड्याने लागत नाही. ती लावावी लागते.

व्यावसायिक पत्रकारांच्या अमेरिकन संघटनेच्या संहितेत चार तत्त्वं आहेत: सत्य शोधून मांडा, हानी कमीत कमी करा, स्वतंत्र राहा, उत्तरदायी आणि पारदर्शक राहा. मुलं ती दहा मिनिटांत पाठ करतात आणि उपयोग शून्य, कारण खऱ्या बातमीत पहिलं तत्त्व दुसऱ्याच्या अंगावर येतं. हा पेच सोडवायच्या सरावासाठी ४५ मिनिटांचा तास आणि चौघांचे गट लागतात. प्रकरण मुद्दाम अर्धवट द्यायचं: संघातल्या खेळाडूला शाळेने निलंबित केलंय, कारण सांगितलेलं नाही, वार्ताहराकडे फक्त मोबाइलवरच्या गप्पांचा स्क्रीनशॉट आहे. पहिली ८ मिनिटं दोन रकाने: 'ठाऊक आहे' आणि 'नुसतं ऐकलंय'. पुढची ७ मिनिटं, परिणाम होईल अशा सहा जणांची यादी. त्यात बातमीत नाव नसलेलं एक तरी माणूस हवं. मग १० मिनिटांत चार पर्याय. 'छापू' आणि 'नको' हे त्यात धरायचे नाहीत.

पंचविसाव्या मिनिटाला शिक्षक चिठ्ठी देतात: खेळाडूच्या आईचा फोन आलाय, मुलगा दोन दिवस जेवलेला नाही. आता १० मिनिटांत पाच ओळी लिहायच्या: काय ठरवलं, कशाच्या आधारावर, कोणाचं नुकसान होऊ शकतं, ते कमी करायला काय केलं, आणि काय कळलं तर निर्णय फिरवू. उरलेल्या वेळात वाचन. पाचवी ओळ बहुतेक गटांची कोरी राहते. खरा तास तिथे सुरू होतो.

बिघडतं कुठे? गट हात वर करून मतदान घेतात आणि विचार थांबतो. शिक्षक आपलं मत आधी बोलून टाकतात, मग सगळ्या टिपा एकसारख्या येतात. प्रकरण फार भडक निवडलं तर कोण चूक हे आधीच ठरलेलं असतं. कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांनी २०१७ मध्ये नव्या मुख्याध्यापकांच्या पदव्यांची छाननी केली आणि त्या मुख्याध्यापकांना राजीनामा द्यावा लागला. ऐकायला थरारक, पण सरावाला निरुपयोगी.

सगळ्यात फसवा उपाय म्हणजे 'नाव गाळलं'. इयत्ता, खेळ आणि मुलगी असल्याचा उल्लेख, एवढ्या तीन तपशिलांत शाळेत कुणीही ओळखू येतं. म्हणून गटाबाहेरच्या एकाला मजकूर द्यावा आणि दोन मिनिटांत ओळखायला सांगावं. जमलं, तर आणखी तपशील काढायचे. गुप्ततेचं वचनही तोलून द्यायचं. अत्याचाराचा संशय आला तर अमेरिकेत शिक्षकांना तो कळवावाच लागतो. भारतात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने तशीच सक्ती आहे. न कळवल्याबद्दलच्या शिक्षेतून कलम २१ मुलांना वगळतं, शिक्षकांना नाही. तेव्हा 'हे कुणालाच सांगणार नाही' असं वार्ताहराने बोलायचंच नाही, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच हे त्याला स्पष्ट करायचं.

'आपल्याकडे मुलांना हक्कच कुठे?' हा मुद्दाही पूर्ण खरा नाही. राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या केरळच्या तीन मुलांना शाळेतून काढलं, तेव्हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, म्हणजे हेझलवूडच्या निकालाच्याही आधी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेत त्यांना परत घ्यायला लावलं. साधनही हाताशी आहेच: भित्तिपत्रक. आज त्याचा मजकूर बाई तपासतात आणि मुलं सुवाच्य अक्षरात उतरवतात. त्याऐवजी विद्यार्थी-संपादकाने ठरवावं, बाईंनी फक्त प्रश्न विचारावेत, आणि प्रत्येक बातमीची पाच ओळींची टीप फाइलला लागावी. चूक निघाली तर गुपचूप नवा कागद डकवायचा नाही; त्याच जागी, तारीख घालून दुरुस्ती लावायची. अपवाद एकच: अत्याचार झालेल्या किंवा पोलीस प्रकरणात आलेल्या मुलाची ओळख उघडी पडली असेल, तर तो कागद त्याच क्षणी उतरवायचा.